वरच्या वळणावरची तार

जाहिरात तिच्या नवऱ्यानंच लिहिली होती. ना हॉर्न, ना धूर, ना गर्दी. फक्त तुम्ही, तुमची सायकल आणि चाकाखाली कुरकुरणारी खडी. वाचणारा विरघळलाच पाहिजे असा मजकूर. त्यात एवढंच लिहायचं राहिलं होतं की त्या रस्त्यावर माणसं राहतात. जंगलाच्या कडेला, रस्त्याला अंगण लावून राहतात, शेळ्या राखतात आणि सकाळी पाय मोकळे करायला त्याच खडीवर चालतात. पण जाहिरातीत माणसं घातली की जंगल विकलं जात नाही. झाडं दाखवावीत, धुकं दाखवावं. म्हातारी माणसं दाखवू नयेत.

रस्ता जुना, लाकडाच्या ट्रकांचा. तोड बंद पडली, ट्रक गेले, खडी उरली. मग शहरातल्या लोकांना डांबराचा कंटाळा आला आणि जाड टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली निघाल्या. ग्रॅव्हल बाईक म्हणायचं त्यांना. ज्या खडीवरून जाताना ट्रकवाले आईबाप काढायचे, त्याच खडीवर आपटून घ्यायला लोक आता सुट्टी टाकून यायला लागले. त्यांना रस्ता दाखवणं हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा धंदा. गिऱ्हाइकं नवऱ्याला कॅप्टन म्हणायची आणि तिला ताई. आजूबाजूची वस्ती तिला वाटाडी म्हणायची आणि गिऱ्हाइकांना चड्डीवाले.

नवरा ताडमाड उंच. ती त्याच्या हनुवटीला जेमतेम लागायची. तो सगळ्यात पुढे, मागे गिऱ्हाइकांची रांग, असा तांडा उतारावरून सुटायचा तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, जंगलात पहिलं पाऊल कॅप्टनचं.

ते खोटं होतं. पहिलं पाऊल तिचं असायचं.

रात्रभरात कोळी या झाडापासून त्या झाडापर्यंत रस्ताभर जाळी विणतात. सकाळी जो पहिला जातो त्याच्या तोंडावर ती सगळी येतात, डोळ्यांत, नाकात, दातांत. गिऱ्हाइकांना ते चालत नाही. म्हणून तांडा निघायच्या बराच आधी ती एकटी तो उतार उतरून जायची. पडलेली फांदी बाजूला करायची, घसरडी माती बघायची आणि थोबाडानं जाळी फोडत जायची. दोघांच्या बोलण्यात त्याला नावच होतं, जाळं फोडणं. "उद्या लवकर ऊठ, जाळं फोडायचंय." हे कुणाला सांगायचं नाही, असा नवऱ्याचा दंडक होता. लोकांना वाटू दे ना की आपणच पहिले, तेवढंच तर विकतोय आपण, असं तो म्हणायचा. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आईबापांनासुद्धा नाही. त्यांच्या घराच्या अलीकडेच झाडी संपायची, आणि उघड्यावर जाळी नसतात म्हणून ती तिथूनच ओढ्याच्या पायवाटेनं नाश्त्याच्या जागेकडे वळायची. घरावरून जायचा तो तांडा. पुढे जावई.

त्या सकाळी ती खालच्या वळणावर आली तेव्हा वेगात होती. तोंडावर दोन-चार जाळी आधीच चिकटलेली. पुढचं जाळं तिला लांबून दिसलं, दवानं भिजलेलं, चकाकणारं. ती त्यात घुसणारच होती. पण तिच्या डोळ्यांना काहीतरी खुपलं. जाळ्याची वरची कड सरळ होती. पट्टी लावून आखल्यासारखी सरळ, या झाडापासून त्या झाडापर्यंत.

कोळी सरळ रेघ मारत नाही.

तिनं दोन्ही ब्रेक करकचून दाबले. मागचं चाक फिरलं, सायकल आडवी झाली, खडीनं मांडी सोलून काढली आणि ती घसरत घसरत त्या रेघेच्या खाली जाऊन थांबली. वर बघितलं तर तार. गंजकी, ताणलेली. कोळ्यानं तिच्यावरच संसार थाटला होता.

ती उठली. तारेसमोर जाऊन उभी राहिली. सायकलवर बसली असती तर तार तिच्या कपाळावर आली असती. तिच्यापेक्षा उंच माणसाच्या गळ्यावर.

 झाडाला धरून ती तशीच उभी राहिली. जंगल नेहमीसारखंच होतं. पाखरं ओरडत होती. तिला त्या पाखरांचा संताप आला.

मग तिनं कंबरेच्या पिशवीतून पक्कड काढली आणि तार सोडवायला लागली. पहिला वेढा सुटला, दुसरा सुटला आणि तिचा हात थांबला. हाताला आधी कळलं, डोक्याला नंतर. दोन वेढे पुढे, एक उलटा, आणि तारेचं उरलेलं टोक दुमडून आत वळवलेलं. अशी गाठ या मुलखात एकाच घरात मारतात. तिचा बाप जन्मभर लोकांच्या रानाला तारेची कुंपणं घालायचा. टोक बाहेर राहिलं तर जनावराचं कातडं फाटतं, पोराचा हात चिरतो, म्हणून ते आत वळवायचं असं त्यानं तिला शिकवलं होतं, ती पक्कड धरण्याएवढी झाली तेव्हाच.

गळा कापायला बांधलेली तार, आणि तिचं टोक कुणाला बोचू नये म्हणून आत वळवलेलं.

इथे तिनं मागे फिरायला हवं होतं. वर जाऊन तांडा थांबवायला हवा होता, सगळ्यांना सांगायला हवं होतं. कुणीही हेच म्हणेल. तिनं ते केलं नाही. तिनं तारेची गुंडाळी केली, झुडपात खोल फेकली, सायकलसकट झाडीआड जाऊन बराच वेळ मांडीवर पानं दाबून रक्त थांबवलं आणि ओढ्याच्या वाटेला न वळता सरळ बापाच्या घराकडे सायकल हाणली. बापाला वाचवायचं एवढंच डोक्यात. तार निघाली, आता धोका नाही, तांडा येईल नि जाईल, कुणाला काही कळायचं नाही. लपवणारा माणूस लपवताना असाच हिशेब करतो.

घराचं दार लोटलेलं होतं. आई नव्हती. बाप खिडकीजवळच्या खाटेवर, छातीपर्यंत पांघरूण. सीझन सुरू झाला त्याच आठवड्यात तो अंगणात घसरला होता. कंबरेत उसण भरली आहे, पडून राहिलं की बरं वाटेल, असं तिला सांगितलं होतं. ती मधूनमधून यायची, मलम द्यायची, दोन शब्द बोलायची आणि पळायची. सीझन होता.

"आज इकडं कशी उगवलीस?" बाप हसला. "आणि हे तोंडाला काय? म्हातारीचे केस खाल्लेस का काय?"

तिनं तोंडावरून हात फिरवला. जाळी हाताला आली.

"आई कुठाय?"

"शेळ्यांना पाला आणायला गेली. येईल. बस तरी."

"बाबा, खालच्या वळणावर तार कुणी बांधली?"

"कसली तार?"

"तुमची गाठ आहे."

"माझी?" त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढून तिच्यासमोर धरला. हात वाऱ्यावरच्या पानासारखा लटपटत होता. "या हातानं मला घोटभर पाणी पिता येत नाही, आणि तार ताणतोय मी? शिवाय तिथंपर्यंत जाऊ कसा? उडत?"

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग पांघरुणाकडे. तिथं काहीतरी चुकत होतं. दोन पायांचे उंचवटे एका लांबीचे नव्हते.

"बाबा, पांघरूण काढा."

"नको ग."

"काढा म्हणते ना."

"बाईमाणूस आहेस, बापाच्या…"

तिनं ते ओढलंच. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता. पाऊल बाहेरच्या बाजूला साफ पडलेलं, दुसऱ्याच कुणाचं आणून लावल्यासारखं. मांडीचा वरचा भाग काळा-पिवळा, सुजलेला. ही उसण नव्हती. हे मोडलेलं हाड होतं. आठवड्यांमागून आठवडे तसंच पडलेलं. आणि ती त्यावर मलमाच्या ट्यूबा आणून देत होती.



"जावयाला काही बोलू नकोस," बाप घाईघाईनं म्हणाला. "त्यानं मुद्दाम नाही केलं."

"कुणी?"

बापानं जीभ चावली, पण बोलून गेला होता.

"मी वळणावर चाललो होतो. मला ऐकू येत नाही हल्ली, आणि तुमच्या त्या सायकलींना आवाज कसला तो नाहीच. मागून धडक बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली, पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तर जावई मला उचलून घरात आणत होता. रडत होता ग तो. म्हणाला, बाबा, माझ्या हातून झालं, पण तुमच्या लेकीला सांगू नका, तिचा जीव जाईल. सीझन संपला की आपण मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, ऑपरेशन करू. आत्ता गेलो तर विचारतील कसं झालं, रस्ता बंद करतील. मग तुम्ही खाणार काय?"

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तुझाच संसार ना तो."

ती खाटेच्या कडेला बसली.  नवरा रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होता. घोरत होता. परवाच म्हणाला होता, यंदाचा सीझन झकास चाललाय. बाप या खाटेवर कुजत होता आणि तो म्हणाला होता, झकास.

दारात सावली पडली. आई आली. डोक्यावर पाल्याची पाटी. तिनं पाटी उतरवली, पदरानं मान पुसली, लेकीला बघून जराशी दचकली आणि मग पाल्यात हात घालून पक्कड बाहेर काढून कोनाड्यात ठेवली. रोज कुणी चमचा ठेवावा तशी. त्यानंतर कोपऱ्यातल्या बादलीत हात धुवायला लागली.

लेक त्या पक्कडीकडे बघत राहिली. बापानं चाळीस वर्षं तार ताणली असेल, तर तितकीच वर्षं दुसरं टोक आईनं धरलं होतं. आणि हे तिला, पोटच्या पोरीला, सुचलंसुद्धा नव्हतं.

"तार तू बांधलीस?"

"हो," आई म्हणाली. हात धुणं चालूच.

"अग काय केलंस हे?" बाप खाटेवरून ओरडला. "कसली तार?"

"तुम्ही पडून राहा."

"आई, माणूस मेला असता!"

"त्यासाठीच बांधली." आईनं हात झटकले. "ह्यांना पाडलं ते मी गिळलं. माणसाच्या हातून होतं. पण त्यानंतर एकदा तरी आत यावं? खाटेजवळ बसावं? रोज घरावरून जातो. घंटी वाजवतो, मला हात करतो. मी इथं ह्यांचं हागणं-मुतणं काढतेय आणि तो मला हात करतो, हसून. मला म्हणाला होता, आई, थोडे दिवस सोसा. सोसलं. मग एक दिवस सोसेना. पुढं तोच असतो. उंच आहे. मागचे त्याला पडलेला बघून थांबले असते."

हे सगळं ती भाजी कशी चिरली ते सांगावं तशा आवाजात बोलली.  याच बाईनं लेकीला न्हाऊमाखू घातलं होतं. हिच्याच हातचं खाऊन ती वाढली.

"पुढं तो नसतो," लेक म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढं मी असते. रोज. जाळं फोडायला, सगळ्यांच्या आधी. आज सकाळी त्या तारेखाली मी पडले आई. मी." तिनं मांडी पुढे केली. खडी अजून मांसात रुतलेली होती.

आईनं त्या जखमेकडे बघितलं. मग लेकीच्या कपाळाकडे. काहीतरी मोजल्यासारखं.  तिनं भिंत धरली.

"तू? तू कशाला? मला कुणी सांगितलं नाही…"

"कुणालाच सांगायचं नव्हतं."

"म्हणजे तार तू काढलीस?"

"मग कोण काढणार?"

 आईनं कोनाड्यातल्या पक्कडीकडे बघितलं.

"मी बघायला गेले तर नव्हती. मला वाटलं जनावरानं तोडली. अग… मी शेळ्यांच्या आडवाटेनं जाऊन दुसरी बांधून आले. वरच्या वळणावर. आत्ताच."

 मग लेक उठली आणि धावली.

त्या खळग्यात फोनला रेंज नव्हती. तरी तिनं सायकलवर बसता बसता फोन काढला, बघितला आणि अंगणात फेकून दिला. वरचं वळण म्हणजे उताराचा सगळ्यात वेगाचा टप्पा, जिथे कॅप्टन मुद्दाम ब्रेक सोडायचा आणि मागून गिऱ्हाइकं चित्कारायची. ती चढावर उभी राहून पायडल मारायला लागली. जो रस्ता तिला तळहातासारखा पाठ होता तो आता संपता संपेना. मांडीतून रक्त मोज्यात उतरत होतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती तिची तिलाच घाण वाटत होती: जीव तोडून ती ज्याला वाचवायला चालली होती, तो समोर आला असता तर तिनंच त्याच्या थोबाडीत ठेवून दिली असती. असू दे. थोबाडीत द्यायलासुद्धा माणूस जिवंत लागतो.

तार दिसायच्या आधी तिला आवाज ऐकू आला. वरून खडी उडाल्याचा, आणि कुणाच्या तरी हसण्याचा.

ती तारेखालून वाकून पलीकडे गेली आणि सायकल आडवी टाकून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. वळणावरून नवरा आला. मान पुढे, डोळ्यांवर गॉगल, दात दिसतायत. तिला बघितलं तसं दात मिटले.

"थांब!" ती किंचाळली. "थांब, थांब!"

त्यानं ब्रेक मारले. चाकं अडली, सायकल तिरपी होऊन खडीवरून फरफटली आणि तो तिच्या पायांशी येऊन आपटला. मागचे एकमेकांत घुसले. शिव्या, किंकाळ्या, साखळ्यांची खडखड.

"वेड लागलंय का तुला?" तो कोपर धरून उठला. "हाडं मोडली असती माझी!"

ती बाजूला झाली. तिनं मागे बोट दाखवलं.

आधी कुणाला दिसेना. मग एका बाईला दिसलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. नवरा दोन पावलं पुढे गेला. तार बरोबर त्याच्या हनुवटीखाली होती. त्यानं एक बोट तारेवर ठेवलं, आणि ते बोट काढेचना.

"हा खुनाचा प्रयत्न आहे," दातांचा डॉक्टर म्हणाला. जुनं गिऱ्हाईक, दर सीझनला दोनदा यायचं. "सरळ सरळ खून! पोलिसांना बोलावलं पाहिजे. कुठल्या हरामखोरानं…"

"बाबांना तू धडकलास?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं, तारेकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. हुशार माणूस. त्याला सगळं एका दमात कळलं. त्यानं तिचा दंड धरून तिला झाडाआड नेलं आणि खाली वाकून, कानाशी, अगदी मायेच्या आवाजात म्हणाला, "आईंनी बांधली ना? ऐक माझं. मी तारेबद्दल बोलत नाही, तू बाबांबद्दल बोलू नकोस. कुणी टवाळ पोरं असतील म्हणू. आई सुटल्या, आपण सुटलो. बाबांना उद्याच्या उद्या नेतो हॉस्पिटलात. शप्पथ."

सगळ्यात भयंकर काय, तर क्षणभर तिला ते पटलं. सकाळपासून एवढे फटके बसले होते, पण हा सगळ्यात जोराचा. तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, चालेल की. सकाळी तिनं स्वतः तार झुडपात टाकली होती, तेव्हाही हाच आवाज होता. त्या टाकण्यानंच दुसरी तार उभी राहिली होती.

तिनं दंड सोडवून घेतला आणि परत रस्त्यावर आली.

"तार माझ्या आईनं बांधली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्याचा गळा कापायला. सकाळी खाली एक होती, ती मी काढली आणि लपवली. तुम्हाला सांगितलं नाही. ही दुसरी. आणि का बांधली तेही ऐका. माझे वडील या रस्त्यावर चालत होते. ह्यानं त्यांना सायकलनं उडवलं, खुबा मोडला, आणि सीझन बुडेल म्हणून घरात दाबून ठेवलं. हॉस्पिटल नाही, काही नाही. मला सांगितलं, उसण भरली. आता फोन करा कुणाला करायचा त्याला."

 कुणीतरी उचलून धरलेल्या सायकलचं चाक हवेत फिरत होतं, त्याचा तेवढा टिकटिक आवाज.

"कुठले वडील?" डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ते… काठी घेऊन चालणारे? पांढरी टोपी? इथून खालच्या वळणावर?"

"तुम्हाला काय माहीत?"

डॉक्टर कॅप्टनकडे वळला. "तुम्ही म्हणालात ना किरकोळ खरचटलंय? उठून चालत घरी गेले म्हणालात! मी थांबतो म्हणालो, तर तुम्हीच मला पुढे पाठवलंत. वस्तीतला कुणी म्हातारा आहे, मी बघतो, तुम्ही ट्रिपचा विचका करून घेऊ नका, असं म्हणालात."

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मीच धडकलो होतो त्यांना," डॉक्टर म्हणाला आणि हेल्मेट काढून हातात धरलं. "हे नव्हते. हे माझ्या पुढे होते."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो खडीकडे बघत होता. मग झाडीत पाचोळा वाजला आणि शेळ्यांच्या पायवाटेवरून आई वर आली, धापा टाकत, केस सुटलेले, हातात पक्कड. लेकीच्या मागोमाग तीही धावली होती, तार तोडायला. तिनं लेक उभी बघितली, आणि मग जावई उभा बघितला. डॉक्टरचं बोलणं तिनं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

ती जावयासमोर जाऊन थांबली. त्याच्या छातीएवढी म्हातारी. मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही धडकला नव्हता?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग माझ्यासमोर रडून का सांगितलंत, माझ्या हातून झालं?"

"घरचा माणूस म्हणून तुम्ही सांभाळून घ्याल असं वाटलं," तो पुटपुटला. "गिऱ्हाईक म्हटलं असतं तर तुम्ही तक्रार केली असती."

आईच्या हातातली पक्कड खाली पडली. "मी तुम्हाला मारणार होते हो," ती म्हणाली. "जे तुम्ही केलंच नाही त्यासाठी." आणि ती रस्त्यातच मटकन बसली, पाय पसरून, अंगातली हाडं कुणी काढून घेतल्यासारखी. गिऱ्हाइकांतल्या एका बाईनं तिला पाण्याची बाटली दिली. ती तिनं नुसतीच मांडीत धरून ठेवली.

"वर टेकडीवर रेंज मिळेल," वाटाडी डॉक्टरला म्हणाली. तिचा आवाज कोरडा ठक्क होता. "आधी अँब्युलन्सला फोन करा. खुबा मोडलाय, जुना आहे, स्ट्रेचर लागेल असं नीट सांगा. मग पोलिसांना. सगळ्यांची नावं द्या. आईचं, ह्याचं, तुमचं, माझं. कुणाचंही गाळू नका."

डॉक्टरनं मान हलवली, पण जाताना तो सायकलवर बसला नाही. ती दोन्ही हातांनी ढकलत चढायला लागला.

"मी काय करू?" नवऱ्यानं विचारलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच हे विचारलं होतं.

"बाबा घरी एकटे आहेत," ती म्हणाली. "त्यांना पाणी हवं असेल. जा. दार लोटलेलं आहे. खाटेजवळ बस, आणि अँब्युलन्स येईपर्यंत उठू नकोस."

 त्यानं पडलेली सायकल उचलून झाडाला टेकवली. मग तारेखालून वाकून, हळूहळू, चालतच, उतारानं खाली निघाला.